७५० पैकी २८२ : शिष्यवृत्ती नेमकी कुणाला मिळते?

निकालाचे दिवस आले की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "ताई, स्कॉलरशिपला किती टक्के लागतात?" कुणाला ८८ आहेत, कुणाला ६१, कुणी टक्के न सांगताच "आता काही चान्स आहे का?" एवढंच विचारतं. आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, करिअर गायडन्सचा नाही. पण शिष्यवृत्तीलाही इतिहास असतो, आणि मराठी मुलुखात तर तो चांगला दीड-दोनशे वर्षांचा आहे. चान्स कशाने वाढतो आणि कशाने हातचा जातो, हे त्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही माहितीपत्रकात दिसत नाही. म्हणून आजचा भाग त्यावर.

सुरुवात एका आकड्यापासून करू. २८२. साल १९०७, मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा, एकूण गुण ७५०. एल्फिन्स्टन हायस्कूलच्या एका मुलाला त्यातले २८२ मिळाले. टक्केवारी काढली तर ३७.६ येते. आजच्या भाषेत काठावर पास. सहा वर्षांनी हाच मुलगा शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातो. नाव तुम्ही ओळखलं असेल, भीमराव रामजी आंबेडकर.

आता हे ऐकून "मार्कांना काही अर्थ नसतो" असा निष्कर्ष काढू नका. तो सोपा आहे आणि खोटा आहे. मार्कांना अर्थ असतो. पण ते मार्क कुठे मिळाले, कुठल्या विषयात मिळाले, त्या विषयाच्या वर्गात बसायला कुणाला मिळालं, हे प्रश्न मार्कांच्या आधी येतात. त्यासाठी जरा मागे जावं लागेल, थेट पेशवाईत.

पेशवाईत श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जायची. प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले, त्यानंतर ती पुण्याला पेशव्यांकडे आली. विद्वान शास्त्र्यांची परीक्षा घेऊन त्यांना मोठी दक्षिणा, आणि बाकीच्यांना रांगेत उभं राहून मिळेल ती. पुढे पुढे तर पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारोंची गर्दी व्हायची. म्हणजे बघा, राज्याच्या खजिन्यातून विद्येसाठी दरवर्षी पैसा बाहेर पडत होता. गुणवत्तेची कसोटीही होती. फक्त त्या कसोटीला बसायला जन्म ब्राह्मणाचा लागायचा.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही, लोक बिथरतील म्हणून. रक्कम कमी केली आणि त्यातला काही पैसा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातून चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसं द्या. सनातनी मंडळी खवळली. अर्ज करणाऱ्यांना पुण्यात फिरणं अवघड झालं, आणि त्यांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले, असं चरित्रकार लिहितात. शेवटी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

याच जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं आणि त्याच कमिटीकडे पाठवलं. ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या भटसभासदांपुढे युरोपियनांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. नाटकाचा विषय काय, तर शेतकरी नवरा-बायकोला भटजी कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात. आता मला सांगा, हे नाटक त्या कमिटीत पास होणार होतं का?

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या फंडाची दारं रुंद व्हावीत म्हणून जो माणूस उभा राहिला, त्यालाच तो फंड मिळाला नाही. निवड कोण करतं हे निवडीइतकंच मोठं असतं. आजही तुम्ही एखाद्या ट्रस्टकडे अर्ज करता तेव्हा आधी एवढं बघायला हवं, की या लोकांनी गेल्या चार-पाच वर्षांत कुणाला निवडलं. यादी बहुतेक वेळा त्यांच्याच वेबसाइटवर असते. दहा मिनिटांत कळतं की आपल्यासारखा कुणी त्यात आहे की नाही. नसेल तर अर्ज करूच नये असं नाही, पण निदान सगळी आशा एकाच ठिकाणी ठेवू नये.

दक्षिणेचा पैसा पुढे कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नावाने आला. हुशार विद्यार्थ्याने खालच्या वर्गांना थोडं शिकवायचं, स्वतः पुढचं शिकायचं आणि दरमहा पैसे घ्यायचे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर, दोघंही असे फेलो होते, आणि दोघंही १८६२ च्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. तुकडीतले. श्रावणातल्या रांगेपासून विद्यापीठाच्या फेलोशिपपर्यंत तोच पैसा आला, आणि वाटेत 'लायक' या शब्दाचा अर्थ बदलला. आता वेद किती पाठ आहेत हे कुणी विचारत नव्हतं. इंग्रजी, गणित, इतिहास यांच्या लेखी परीक्षा आल्या. रांगेत मात्र साधारण त्याच घरांतली मुलं होती, कारण त्यांच्याच घरात आधीपासून अक्षरओळख होती.

आता पुन्हा १९०७ मध्ये येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे.

त्या काळी मॅट्रिकला सगळ्यात मानाची शिष्यवृत्ती कुठली? जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची, संस्कृतची. 'शंकरशेट स्कॉलर' हे शब्द जुन्या मराठी चरित्रांत तुम्हाला जागोजागी भेटतील. घरात कुणाला ती मिळाली असेल तर पुढच्या तीन पिढ्या सांगायच्या. १९१२ ची मॅट्रिक घ्या. रायगडकडचा एक मुलगा विद्यापीठात पहिला आला आणि शंकरशेट शिष्यवृत्ती त्यानेच पटकावली. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढे केंब्रिज, आय.सी.एस., १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अफाट बुद्धीचा माणूस, त्यांच्या यशाला कुठेही बोट लावायचं कारण नाही.

पण एल्फिन्स्टन हायस्कूलच्या भीमरावांना ही शिष्यवृत्ती मिळणं शक्यच नव्हतं, आणि त्याचा २८२ या आकड्याशी काही संबंध नाही. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असं शिक्षकाने सांगितलं. आधी त्यांच्या मोठ्या भावाच्या बाबतीतही हेच झालं होतं. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. म्हणजे शंकरशेट शिष्यवृत्तीच्या नियमांत जातीचा एक शब्दही नसला तरी ती त्यांच्यासाठी बंद होती. दार परीक्षेच्या दिवशी बंद झालं नाही, ते विषय निवडायच्या दिवशीच, काही वर्षं आधी, शाळेच्या वर्गात बंद झालं.

इथे थोडं थांबते, कारण हे आजही घडतं, वेगळ्या रूपात. आठवीत एन.एम.एम.एस.ची परीक्षा असते. पास झालात आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. कित्येक मुलांना ही परीक्षा असते हे नववीत गेल्यावर कळतं. तेव्हा हुशारी असते, गरज असते, पण वर्ष निघून गेलेलं असतं. अकरावीला गणित सोडलं की पुढच्या किती शिष्यवृत्त्यांची यादी आपोआप छोटी होते, हे त्या दिवशी कुणी सांगत नाही. म्हणून टक्क्यांचा प्रश्न विचारायच्या आधी, तुम्हाला हवी असलेली योजना कुठल्या इयत्तेत, कुठल्या विषयावर, किती वयापर्यंत लागू आहे, हे पहिलं वाचा. पीडीएफ कंटाळवाणी असते, मान्य आहे. तरी शेवटच्या पानापर्यंत वाचा. खरी अट बऱ्याचदा तिथेच बसलेली असते.

मग ३७.६ टक्के मिळालेले आंबेडकर पुढे गेले कसे?

पहिली गोष्ट घरातली. परळच्या चाळीत एक खोली. वडील रामजी सुभेदार मुलाला अभ्यासाला पहाटे दोनला उठवायचे, कारण खोली तेव्हाच शांत असायची. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून द्यायचे. या घरातून अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा भरली, अध्यक्ष सी. के. बोले. त्या सभेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर बोलले आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं.

केळुस्करांची ओळख त्या सभेतली नव्हती. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचा. केळुस्करही तिथे यायचे. त्यांच्या नजरेत तो भरला. पुढे इंटरनंतर घरचा पैसा संपला, तेव्हा हेच केळुस्कर त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. काही दिवसांपूर्वी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत महाराज म्हणाले होते, की अस्पृश्यांतल्या लायक विद्यार्थ्याला मदत करू. केळुस्करांनी ते लक्षात ठेवलं होतं. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

या सगळ्यात गुणपत्रिका कुठे आहे? कुठेच नाही. आहे तो रोज बागेत वाचणारा मुलगा, त्याला बघणारा एक मास्तर, आणि त्या मास्तरांना ठाऊक असलेली एक घोषणा. याला काही लोक 'वशिला' म्हणतील. मला ते मान्य नाही. वशिला म्हणजे लायकी नसताना पुढे ढकलणं. केळुस्करांनी उत्तरं दिली नाहीत, ती भीमरावांनीच दिली. केळुस्करांनी फक्त दार कुठे आहे ते दाखवलं. मोठ्या शहरात, शिकलेल्या घरात हे काम काका, आत्या, शेजारचे इंजिनिअर दादा सहज करतात, इतकं सहज की त्या मुलांना वाटतं आपण सगळं एकट्याने केलं. ज्यांच्या घरात असं कुणी नाही, त्यांना आपला केळुस्कर शोधावा लागतो. ग्रंथपाल असेल, कॉलेजचा एखादा क्लार्क असेल, आदल्या वर्षी तीच शिष्यवृत्ती मिळालेली गावातली मुलगी असेल. हे लोक माहिती लपवत नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

शिफारसपत्राचंही तसंच आहे. मुलं प्राचार्यांच्या सहीसाठी धावतात. पण ज्याने तुम्हाला चार वेळा अवघड प्रश्न विचारताना पाहिलंय, त्या साध्या शिक्षकाचं पत्र जास्त बोलतं. कोलंबियातले प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी आंबेडकरांसाठी लंडनला प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं, ते त्यांचं काम तीन वर्षं जवळून पाहिल्यावर.

पण कोलंबियापर्यंत अजून आपण पोचलो नाही. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याला नोकरीला गेले. २ फेब्रुवारीला वडील गेले. हातात डिग्री, डोक्यावर घर, वय २१. त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायच्या विचारात होते. आंबेडकर त्यांना भेटले, अर्ज केला, चौघांत निवड झाली. ४ जून १९१३ ला करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी.

तरुण मंडळी, कराराचा हा शेवटचा भाग नीट ऐका. दहा वर्षं. याला आपण आज बाँड म्हणतो.

त्या काळात शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काहीतरी होतं, आणि ते अटींत उतरायचं. सयाजीरावांना शिकलेले अधिकारी हवे होते. लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची अट बरोबर उलटी, शिकल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. त्याच वर्तुळातल्या सरदारसिंह राणांची शिवाजी शिष्यवृत्ती १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकरांना मिळाली, शिफारस लोकमान्य टिळकांची. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीतून पैसे मिळायचे ते कर्जाऊ. फेडायचे, म्हणजे पुढच्याला देता येतील. त्याच्या पहिल्या मानकरी दोन डॉक्टर बायका, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. १८९२ मध्ये! त्या काळात मुलीने मॅट्रिक होणंही बातमी होती.

फुकट पैसा नव्हता हा. देणाऱ्याला काय हवंय हे ज्याने ओळखलं, त्याचा अर्ज वजनदार झाला. सयाजीराव कशासाठी माणसं पाठवतायत हे कळल्याशिवाय "मला परदेशी शिकायचंय" एवढंच म्हणून भागलं नसतं. आंबेडकरांना अर्थशास्त्र शिकायचं होतं, त्यातही सरकारी वित्तव्यवहार, जोडीला समाजशास्त्र. विषय ठरलेला होता आणि त्याचं कारणही ठरलेलं होतं. आज 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचं जे प्रकरण मुलांना घाम फोडतं, त्याचा अर्थ इतकाच. इंटरनेटवरून उचललेला "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड" हा परिच्छेद निवडकर्त्यांनी हजार वेळा वाचलेला असतो. तुमच्या तालुक्यात पाण्याचा प्रश्न आहे म्हणून तुम्हाला भूजल शिकायचंय, हे त्यांनी वाचलेलं नसतं.

कोलंबियातली तीन वर्षं म्हणजे एक वेगळाच प्रकार आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. साडेअकरा पौंडांतले काही घरी रमाबाईंना पाठवायचे, उरलेल्यात जेवण मारून जुनी पुस्तकं घ्यायची. सुमारे दोन हजार पुस्तकं जमली म्हणतात. १९१५ मध्ये एम.ए., मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध, आणि त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंध दाखल. ज्याला मॅट्रिकला ३७.६ टक्के होते, तोच हा माणूस. मधल्या काळात बुद्धी वाढली असं मला नाही वाटत. पुस्तकं मिळाली, वेळ मिळाला, आणि वर्गात कुणी "तू हा विषय घेऊ नकोस" असं म्हणालं नाही.

मग लंडन. तिथलं शिक्षण अर्धवट असतानाच बडोद्याची मुदत संपली, १९१७ मध्ये परत यावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे काय झालं हे बहुतेकांना माहीत आहे. राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. कचेरीत शिपाई कागद लांबून टेबलावर फेकायचे. दहा वर्षांचा करार, आणि त्या शहरात दहा दिवस डोकं टेकायला छप्पर नाही. महाराजांचा हेतू चांगला होता, पैसा दिला, पण ज्या गावात नोकरी करायची त्या गावाचं काय करायचं, याचा विचार योजनेत नव्हता.

पैसा देऊन शिष्यवृत्ती पुरी होत नाही, राहायची सोय लागते, हे त्या काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांना जितकं कळलं तितकं क्वचितच कुणाला कळलं असेल. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुसलमान, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. गावात शाळा नाही, शहरात खोली नाही, अशा मुलाला तुम्ही महिना दहा रुपये दिलेत तरी तो जाणार कुठे? गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच घ्या. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ धाकट्याला शिकायला पाठवले. एल्फिन्स्टन कॉलेजात २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळेपर्यंत गोखले त्यावर जगले. १८८४ मध्ये ते बी.ए. झाले. गोविंदरावांच्या नावाने कुठे शिष्यवृत्ती आहे का, मला माहीत नाही, पण असायला हवी. अर्ज भरताना ट्यूशन फीबरोबर खोलीभाडं, मेस, बसपास, परीक्षा फी यांचाही हिशेब करा. शिष्यवृत्ती मिळूनही दुसऱ्या सेमिस्टरला घरी परतलेली मुलं बहुधा याच खर्चात अडकलेली असतात, आणि रक्कम खात्यात उशिरा आली तर आणखीच.

लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण आंबेडकरांनी शिष्यवृत्तीवर पुरं केलं नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियातला मित्र नवल भथेना याने ५,००० रुपये उसने दिले. १९२० मध्ये पुन्हा लंडन, १९२३ मध्ये डी.एस्सी., प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. आणि गंमत बघा, शंकरशेट स्कॉलर देशमुख १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले तेव्हा फारसीवाले आंबेडकर त्याच मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. एकाच टेबलावर.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतेच, कारण दर वर्षी अर्ज तिथेच मरतात. धोंडो केशव कर्वे, आपले महर्षी कर्वे, कोकणातल्या मुरुडचे. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं. बोट मिळेना म्हणून सह्याद्री चढून पायी साताऱ्याला गेले, शंभरावर मैल, चार दिवस. परीक्षेला वयाची अट होती, १७ पूर्ण. अंगाने किरकोळ मुलगा १७ चा वाटत नाही, असं समितीच्या प्रमुखांनी ठरवलं आणि परत पाठवलं. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते पास झाले. आज साताऱ्याला चालत जावं लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि सगळीकडे नावाचं एकच स्पेलिंग. निकालाच्या दिवशी तहसील कार्यालयात रांग लागते, म्हणून हे फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवा. सगळ्यात कंटाळवाणा सल्ला आहे हा, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा.

आता शेवटचा टप्पा. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला एक निवेदन दिलं. त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची मागणी होती. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती वाढत गेली, १९५४-५५ मध्ये परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय योजना आली, आणि राज्याने पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपली परदेश शिष्यवृत्ती काढली.

१९१३ मध्ये एका मुलाला महाराज भेटावे लागले, महाराजांपर्यंत नेणारे मास्तर भेटावे लागले, आणि त्या मास्तरांना तो मुलगा बागेत दिसावा लागला. १९४४ नंतर अर्ज करायचा होता. महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' अशी ओळ दिसते ना, ती हीच. सर्व्हर हँग झाला की आपण तिला शिव्या घालतो. यंदाचे नियम आणि शेवटची तारीख त्याच पानावर आहेत, आणि दोन्ही दरवर्षी बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर जाऊ नका.

पुढच्या भागात कोल्हापूरच्या बोर्डिंगांची गोष्ट सविस्तर ऐकू. तुमच्यापैकी कुणी त्यांपैकी एखाद्या बोर्डिंगात राहिलं असेल किंवा आजोबा राहिले असतील, तर व्हॉइस नोट जरूर पाठवा.